येऊरमध्ये झाडं ओळखायला शिकले, त्या वर्षाची गोष्ट

८ जून २०२४, शनिवार. मुंबईत पाऊस दुसऱ्या दिवशी दाखल झाला, त्या दिवशी नुसतं भरून आलं होतं. सासूबाईंबरोबर जांभळी नाक्याला भाजी आणायला गेले होते. रस्त्याच्या कडेला मुरबाडकडच्या दोन आदिवासी बायका फडकं पसरून बसल्या होत्या. पुढ्यात शेवळं या रानभाजीच्या जुड्या, शेजारी काकड नावाच्या रानझाडाच्या फळांचे हिरवे वाटे. आईंनी चार जुड्या घेतल्या आणि घरी आल्या आल्या निवडायला बसल्या. वरचं आवरण उलगडायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं, घसा खवखवू नये म्हणून काकडाचा रस घालायचा. निवडता निवडता त्यांनी सहज विचारलं, "अगं, तू दर रविवारी डोंगरात असतेस ना? हे उगवतं कुठे गं? पन्नास वर्षं भाजी करतेय, झाड कधी पाहिलं नाही."

मला सांगता आलं नाही. वीस वर्षं ट्रेक करतेय. माहुली, गोरखगड, पेब, हरिश्चंद्रगड, कळसूबाई तीनदा. कुठल्या टाक्याचं पाणी पिता येतं, कुठली वाट पावसात निसरडी होते, हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन. पण वाटेवरच्या हिरवाईला माझ्याकडे तीनच शब्द होते, झाड, झुडूप आणि गवत. शेवळाच्या शेजारून मी शंभर वेळा तरी गेले असेन.

त्या रात्री ठरवलं की वर्षभर नवा गड नाही. घराजवळचं येऊर धरायचं आणि तिथे काय काय आहे ते शिकायचं. आम्ही उपवनजवळ राहतो, येऊर म्हणजे आमच्या मागचा डोंगर. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची ही ठाण्याकडची बाजू. मी ऐरोलीला एका कंपनीत हिशेबाचं काम करते, वनस्पतिशास्त्राशी शेवटचा संबंध दहावीत आला होता. हे मुद्दाम लिहितेय, कारण 'मला जमेल का' हा प्रश्न घेऊन बसलेले बरेच जण माझ्या ओळखीचे आहेत.

सुरुवात सगळे करतात तशीच केली. फोनमध्ये आयनॅचरलिस्ट हे फोटोवरून नाव सुचवणारं अ‍ॅप घेतलं आणि १६ जूनला येऊरच्या रस्त्यावर जे दिसेल त्याचे फोटो काढत सुटले. घरी येऊन पाहिलं तर एकेका फोटोला पाच-पाच नावं सुचवलेली, त्यातली दोन तर आपल्याकडे न उगवणाऱ्या झाडांची. चाळीस फोटोंपैकी सहांना धड नाव मिळालं. वाटलं, अ‍ॅपच कुचकामी. चूक माझ्या फोटोंची होती हे पुढे महिन्याभराने कळलं. मी सगळीकडे लांबून एकच फोटो काढत होते, हिरव्या पार्श्वभूमीवर हिरवं झाड. आता एका झाडाचे किमान पाच काढते. पान वरून, तेच पान खालून, पान फांदीला जिथे चिकटतं ती जागा, खोडाची साल, आणि शेवटी मागे सरून अख्खं झाड. फूल किंवा फळ असेल तर तो सहावा. फक्त फुलाचा देखणा फोटो काढून काहीच हाती लागत नाही. आणखी एक सांगते. तिथे नाव सुचवणारी बरीच माणसं स्वतःचा वेळ खर्चून दुसऱ्यांचे फोटो तपासतात. मी 'करवंद' म्हणून टाकलेल्या फोटोखाली एकाने नम्रपणे लिहिलं होतं, 'फांदी मोडून पाहिलीत का, चीक निघाला का?' त्या एका प्रश्नाने मला पुस्तकापेक्षा जास्त शिकवलं. फक्त येऊरमध्ये फांदी मोडायची नाही. राष्ट्रीय उद्यान आहे, पान तोडणंही कायद्याने चालत नाही. गळालेलं पान उचलून पाहायचं, चिकाची परीक्षा सोसायटीच्या बागेत करायची.

१४ जुलैला फक्त शेवळं शोधायला गेले. पाटोणापाड्याच्या बाजूला तीन तास चिखलात फिरले आणि एकही शेवळ दिसलं नाही. परतताना एका वारली मावशींना विचारलं. त्यांच्या टोपलीत फोडशी आणि टाकळा या रानभाज्या होत्या. त्या हसल्या आणि माझ्या पायाशी बोट दाखवलं. ठिपक्याठिपक्यांचा एकच देठ आणि त्यावर छत्रीसारखं पसरलेलं, फाटाफाटांचं पान. "हीच ती. आधी फूल येतं, मग पान. आता फूल कुठलं मिळायला, ताई?" मी सकाळपासून त्या छत्र्यांमधूनच फिरत होते. शेवळाचं फूल आणि पान एका वेळी नसतात. पहिल्या पावसात जमिनीतून नुसता फुलाचा दांडा वर येतो, तो वाळला की मग पान. म्हणजे जूनमधलं शेवळ आणि जुलैमधलं शेवळ ही मला दोन वेगळी झाडं वाटली असती, आणि वाटलीच होती.

त्या दिवशी एक गोष्ट पक्की कळली. एकच वाट बारा महिने चालायला हवी. बारा वेगळे डोंगर पाहून हे शिकता येत नाही. मी येऊरमधला साधारण दीड किलोमीटरचा तुकडा ठरवला आणि दर पंधरा दिवसांनी तिथेच जायला लागले. ठाणे स्टेशनहून टीएमटीची बस येऊरला जाते, पण फेऱ्या कमी आहेत. मी उपवनहून चालत किंवा रिक्षाने जायचे. वनखात्याच्या चौकीवर वेळा बघून घ्या आणि अंधाराच्या आत बाहेर पडा. जंगल बिबट्याचं आहे, नियम उगाच नाहीत.

जुलैतच कोर्सची चौकशी सुरू केली. मुंबईत फोर्टच्या हॉर्नबिल हाऊसमध्ये बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ पासूनची संस्था आहे, त्यांचेही अभ्यासक्रम असतात. पण मला ऐरोलीची नोकरी सांभाळून ठाण्याच्या आसपासच फिरायचं होतं. मैत्रिणीकडून एका छोट्या निसर्गमंडळाचा वनस्पती-ओळख वर्ग कळला. आठ रविवार, चार महिने, फी ४,८०० रुपये. फॉर्म, आधारची प्रत, दोन फोटो, तातडीच्या संपर्काचा नंबर आणि डॉक्टरांचा फिटनेस दाखला. दाखल्याला २०० रुपये लागले. मी फॉर्म भरला तेव्हा जुलैची तुकडी भरलेली होती, प्रतीक्षायादीत माझा अकरावा क्रमांक. ऑक्टोबरची तुकडी मिळाली. अडीच महिने थांबावं लागलं, तेव्हा फार खट्टू झाले होते. पण ते महिने वाया गेले नाहीत. वर्गात जाण्यापूर्वी माझ्याकडे प्रश्न साठले होते आणि तेच मला पुढे उपयोगी पडले.

तुम्ही वर्ग निवडणार असाल तर एवढंच विचारा की आठपैकी किती दिवस बाहेर फिरायचं आहे. पडद्यावर चित्रं दाखवणाऱ्या वर्गाला पैसे घालू नका.

याच काळात एक भीतीचा प्रसंग झाला. ऑगस्टमध्ये आमच्या इमारतीच्या जिन्यात पट्ट्यापट्ट्यांचा साप आला. सगळ्यांनी 'मण्यार, मण्यार' म्हणून ओरडा केला, वॉचमनने काठी घेतली. मी त्याला कसंबसं थांबवलं आणि वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन केला, शेजाऱ्यांनी ओळखीच्या सर्पमित्रांना बोलावलं. ते वीस मिनिटांत आले. साप कवड्या निघाला, बिनविषारी. त्यांनी दाखवलं की कवड्याचे पट्टे मानेकडे ठसठशीत असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारीचं उलट, मानेजवळ पुसट आणि शेपटीकडे स्पष्ट. मग ते म्हणाले, "हे तुम्ही लक्षात ठेवा, पण यावरून साप हातात घ्यायचा नाही. लांबून बघायचं आणि लांबच राहायचं." नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर आपल्याकडे प्रतिविष मिळतं. पावसात झुडपात हिरवा चापडा बसलेला असतो, त्याच्या विषावर ते नाही. म्हणून फांदी धरण्याआधी फांदी बघायची, ही सवय मला तेव्हापासून लागली.

सप्टेंबरमध्ये कारवी फुलली. हे माझं नशीब. आपल्याकडची कारवी आठ वर्षांनी एकदा एकगठ्ठा फुलते, येऊरच्या बाजूला २०१६ नंतर २०२४ मध्येच. २२ सप्टेंबरला मी गेले तेव्हा उतारच्या उतार निळ्या-जांभळ्या रंगाने भरलेला होता आणि मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. मी तिथे बराच वेळ रडले, आणि का ते मला नीट सांगता येणार नाही. वीस वर्षं जिला मी 'काटे नसलेलं झुडूप' म्हणून चढताना आधाराला धरत आले, ती हीच. तिच्या काठ्यांवर माती-शेण लिंपून पाड्यांवर कुडाच्या भिंती होतात. फुलून बी धरलं की ती मरते. आता पान बघूनही ओळखते. समोरासमोर पानं, कडा करवतीसारख्या, हाताला खरखरीत, पेरं जाडसर. फुलांच्या दिवसांत तिथे फार गर्दी झाली होती आणि फोटोसाठी लोक झुडपं तुडवत आत जात होते. ते बघवत नव्हतं. बी पडायचं ते त्याच जमिनीत, आणि पुढची फुलं २०३२ मध्ये.

६ ऑक्टोबरला वर्ग सुरू झाला. आम्ही चौदा जण. पहिल्या दिवशी सरांनी एकाही झाडाचं नाव सांगितलं नाही. प्रत्येकाला गळालेली एक फांदी दिली आणि विचारलं, "यातलं एक पान कुठून कुठपर्यंत?" माझ्या हातात बहावा होता. मी एक हिरवी पाती धरून 'हे पान' म्हटलं. चूक. पान जिथे फांदीला जोडलेलं असतं तिथे बगलेत एक बारीकसा कोंब असतो, पुढच्या फांदीचा किंवा फुलाचा. मी धरलेल्या पातीच्या बगलेत कोंब नव्हता. कोंब होता खूप खाली, लांब देठाच्या बुंध्याशी. म्हणजे चार ते आठ जोड्यांचा तो अख्खा झुबका मिळून एक पान, आणि माझ्या हातातली नुसती पर्णिका. या एका गोष्टीवर दोन तास गेले, आणि माझ्या मते सगळ्या वर्गाची फी तिथेच वसूल झाली. कोंब शोधता आला की पान साधं की संयुक्त ते कळतं. मग बघायचं, पानं समोरासमोर की एकाआड एक. मग चीक आहे का. मग वास. एवढ्या चार प्रश्नांत येऊरच्या झाडांची गर्दी मूठभर उरते.

सर सारखं म्हणायचे, "नाव नका सांगू. काय नाही ते सांगा." सुरुवातीला त्याचा राग यायचा, कारण मला नावंच हवी होती. हळूहळू अर्थ लागला. माझी वही मग जोड्यांनी भरायला लागली. पळसाला पाने तीनच, हे आपण म्हणतो, पण पांगाऱ्यालाही तीनच असतात. पळसाचं पान चामड्यासारखं जाड, पांगाऱ्याचं पातळ आणि टोकदार, शिवाय फांदीला काटे. ऐन आणि अर्जुन भाऊ-भाऊ, पण ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, अर्जुनाची गुळगुळीत, फिकट, आणि तो ओढ्याकाठचा. ऐनाच्या पानाखाली देठाजवळ दोन बारीक गाठी असतात, भिंगातून बघताना फार छान दिसतात. दोन कुडे आहेत, दोघांनाही पांढरा चीक, पांढरी फुलं, जोडशेंगा. काळ्या कुड्याच्या शेंगा पिकेपर्यंत टोकाला एकमेकींना चिकटलेल्या राहतात, पांढऱ्याच्या सुट्या लोंबतात. सागाचं कोवळं पान चुरगळलं की बोटं लाल होतात. हे आमच्या सोसायटीमागच्या सागावर करून पाहिलं आणि मुलाला दाखवलं. तो बारावीत आहे, त्याने त्याच्या चार मित्रांना दाखवलं.

भिंग दहापटीचं घेतलं, २८० रुपयांना. याहून चांगला खर्च मी वर्षात केला नाही.

स्थानिक नावांवर माझा जीव आहे, पण ती तालुक्यागणिक बदलतात, म्हणून जोडीला शास्त्रीय नाव लिहायची शिस्त लावून घेतली. सुरुवातीला तोंडात बसत नाहीत. मग एखाद्या नावात ओळखीचं काही सापडतं आणि ते घरचं वाटायला लागतं. पांढऱ्या मुसळीचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिअ‍ॅनम. बोरिवलीच्या नावावरून ठेवलेलं. मावशींच्या टोपलीतली फोडशी तिच्याच गोतातली. ज्या जंगलाच्या एका टोकाला मी राहते, त्याच्या दुसऱ्या टोकाच्या गावाचं नाव जगभरच्या वनस्पतिशास्त्रज्ञांच्या तोंडी आहे, हे समजलं त्या दिवशी मी घरी सगळ्यांना सांगत सुटले.

परवानगीचं सांगायला हवं, कारण त्यात आमचा एक रविवार गेला. जंगलात गट घेऊन जायचा तर वर्गाचे संयोजक पंधरा दिवस आधी वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज करत. सोबत प्रत्येकाचं नाव, वय, ओळखपत्राची प्रत, आत जायची आणि बाहेर यायची वेळ, गाड्यांचे नंबर. माझ्या आधारच्या झेरॉक्सवर फोटो पूर्ण काळा आला होता. यादी परत आली, नवी प्रत देईपर्यंत १० नोव्हेंबरची फेरी हुकली आणि २४ तारखेवर गेली. तेरा जणांचा दिवस माझ्यामुळे वाया गेला, याचं मला खूप वाईट वाटलं. तेव्हापासून ओळखपत्राच्या चार स्वच्छ प्रती सॅकच्या कप्प्यात ठेवते.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये खाजकुयलीच्या शेंगा पिकतात. सोनेरी मखमलीसारख्या दिसतात आणि हात लावावासा वाटतो. आमच्यातल्या एकीच्या मानेवर नुसती झुळुकीने लव पडली, तर ती कळवळली. चोळायचं नाही. आम्ही चिकटपट्टी लावून लव उचलली, मग पाण्याने धुतलं, आणि ओढणी वेगळ्या पिशवीत बांधली. पूर्ण बाह्यांचा सदरा आणि गळ्याभोवती रुमाल, एवढं केलं तरी पुरतं. चिकटपट्टीचं रीळ बरोबर ठेवा.

जानेवारीत पानगळ सुरू झाली आणि माझा आत्मविश्वास पार गेला. पानावरून शिकलेलं सगळं जमिनीवर पडलं होतं. साल, फळं आणि फांद्यांची ठेवण यांवर नव्याने सुरुवात. पण तेव्हाच कांडोळ दिसायला लागला. पांढरंफटक खोड, साल कागदासारखी सुटलेली. संध्याकाळच्या उजेडात असा उभा असतो की त्याला भुत्या का म्हणतात ते सांगावं लागत नाही. आठ महिने मी त्याच्या समोरून गेले होते, पानांच्या गर्दीत दिसलाच नव्हता.

१२ जानेवारीला वर्ग कर्नाळ्याला गेला. पनवेलच्या पुढे, मुंबई-गोवा महामार्गाला लागून, १९६८ पासूनचं पक्षी अभयारण्य. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने पनवेल आणि पुढे एसटी, असं गेलो. तिथे मला पक्ष्यांचं वेड लागलं. तोवर एका सहकाऱ्याची दुर्बीण मागून वापरत होते, त्या आठवड्यात ९,२०० रुपयांना स्वतःची घेतली. ८×४२, म्हणजे आठपट जवळ दिसतं आणि पुढची भिंगं ४२ मिलिमीटरची. दाट झाडीत उजेड कमी असतो, तिथे त्या मोठ्या भिंगांचा उपयोग होतो. त्याहून जास्त पटींची घेऊ नका, हात हलला की चित्र हलतं. पक्षी बघण्याआधी मात्र ऐकायला शिका. आवाजावरून पक्षी सांगणारं मर्लिन अ‍ॅप मदत करतं, पण भृंगराज कोतवालापुढे त्याचं आणि माझं दोघांचंही काही चाललं नाही. शिक्रा वाजतोय म्हणून अर्धा तास मान वर करून उभी राहिले, आणि फांदीवर लांब शेपटीच्या टोकांना दोन पिसं हलवत भृंगराज बसलेला. तो दुसऱ्या पक्ष्यांचे हुबेहूब आवाज काढतो. तांबटाची टुकटुक, टकाचोराची घंटेसारखी साद आणि सातभाईंची कलकल, या तीन आवाजांपासून सुरुवात केलीत तर सोपं जाईल.

फुलपाखरांसाठी घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीत दोनदा गेले. तिथे मला कळलं की फुलपाखरू शोधायचं तर त्याच्या सुरवंटाचं झाड ओळखायला हवं. रुईवर बिबळ्या कडवा, बांडगुळावर हळदीकुंकू, लिंबाच्या जातीच्या झाडांवर आपलं राज्य फुलपाखरू निलवंत. म्हणजे पुन्हा झाडांपाशीच आले.

परीक्षा ९ फेब्रुवारीला झाली. २५ नमुने, प्रत्येकापुढे एक मिनिट. फांदी, शेंग, सालीचा तुकडा, एक नुसतं बी. उत्तीर्ण व्हायला १५ लागत होते, मला १८ मिळाले. प्रमाणपत्र मार्चमध्ये ईमेलने आलं. चुकलेल्या सातांपैकी एक मनाला लागून राहिलं. पानं गळालेली एक जाड काडी होती, मी काकड लिहिलं. ती मोई होती. ज्या काकडांच्या वाट्याने हे सगळं सुरू झालं, तेच झाड मला ओळखता आलं नाही. सर म्हणाले, "पानगळीत हे दोघं भल्याभल्यांना फसवतात. पालवी फुटली की कडा बघा." मी पालवीची वाट बघत राहिले. मेमध्ये येऊरला दोन्ही झाडं सापडली. काकडाच्या पर्णिकेची कड दातेरी, मोईची सलग. वहीत पुसून लिहिलं नाही, चुकीचं उत्तर तसंच ठेवून शेजारी नवीन लिहिलं.

२०२५ मध्ये पाऊस २६ मेलाच मुंबईत पोचला. १ जूनच्या सकाळी मी एकटीच येऊरला गेले. नवरंग पक्षी आले होते, झाडीतून त्यांची दुहेरी शीळ येत होती, ओढ्याकडे गोगी पक्षी एखाद्या माणसासारखा निवांत शीळ घालत होता. आणि गेल्या जुलैत मावशींनी छत्री दाखवली होती, त्याच जागी, सागाच्या कुजलेल्या पानांतून तीन शेवळं वर आली होती. जांभळट, उभी. जवळ गेल्यावर कुजका वास आला. त्या वासाला माश्या येतात आणि परागीभवन होतं.

घरी फोन केला. आई एकाहत्तर वर्षांच्या, गुडघे दुखतात. नवऱ्याने त्यांना रिक्षातून पाड्यापर्यंत आणलं. रस्त्यापासून तीस-पस्तीस पावलं होती. एका हाताने माझा खांदा आणि दुसऱ्या हाताने काठी धरून त्या आल्या. बराच वेळ वाकून बघत होत्या. मग म्हणाल्या, "एवढंसं असतं होय. आणि मी चार-चार जुड्या आणते." थोड्या वेळाने विचारलं, "आपण उपटलं की पुढच्या वर्षी येतं का गं?" मी सांगितलं, खाली कंद असतो, तो राहिला तर येतं. फुलालाच तोडलं तर बी मात्र धरत नाही. त्या वर्षी त्यांनी दोन जुड्या आणल्या. मी काही सुचवलं नव्हतं.

आता माझ्या वहीत १८६ नोंदी आहेत. त्यांपैकी २९ पुढे प्रश्नचिन्ह. गवतांना अजून हात लावलेला नाही, त्यांना वेगळं वर्ष द्यावं लागेल. एकूण खर्च प्रवास धरून साधारण २१,००० रुपये झाला, त्यातली निम्मी रक्कम दुर्बिणीची आणि फीची असावी असं वाटलं होतं, प्रत्यक्षात ती दोन तृतीयांश निघाली. दुर्बीण टाळली तर हे फार कमी पैशात होतं. ज्यांना वर्ग परवडत नाही त्यांनी एक वही, एक भिंग आणि घराजवळची एक वाट घेतली तरी चालेल. तारीख मात्र न चुकता लिहा, कारण दुसऱ्या वर्षी तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

सध्या मी एका वेलीच्या मागे आहे. पाटोणापाड्याच्या वाटेवर दुसऱ्या वळणाला, एका कुंभ्याच्या झाडावर चढलेली. पानं साधी, एकाआड एक, हृदयाच्या आकाराची, गळालेल्या पानाच्या देठाला चीक नाही, वास नाही. तिला काय काय म्हणता येणार नाही याची अर्धं पान भरून यादी झाली आहे. गेल्या वर्षी तिला फूल आलं असणार, पण तेव्हा मी तिच्याकडे बघत नव्हते. येत्या रविवारी परत जाणार आहे.